उंबरठे बसवणारे सर

सरांनी मला नोकरीवर घेतलं ते काही माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे. मुलाखतीत त्यांनी माझी मार्कशीट उजेडाकडे धरून पाहिली, उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली, आणि विचारलं, "यातले नशिबाचे मार्क किती?" मी घाबरून खरं बोलून गेले. म्हटलं, "बरेच असतील सर. जे येत नव्हतं ते नेमकं ऑप्शनला टाकता आलं." माझ्याआधी आत गेलेल्या मुलाने "एकही नाही" असं छातीठोक सांगितलं होतं. त्याला परत पाठवलं आणि मला ठेवलं. पुढे कधीतरी मी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्याला स्वतःचा संशय येत नव्हता. म्हणजे त्याच्या वाटणीचा संशयही मलाच घ्यावा लागला असता. तेवढा वेळ कुणाकडे आहे?"

आमचं ऑफिस वालीवला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीच्या वरच्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बरण्या निघायच्या आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वास आमच्या चहात उतरायचा. तिथे बसून आम्ही चिपची डिझाइनं करायचो, हे माझ्या नातेवाइकांना अजून पटत नाही. चिप म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे परदेश येतो, वालीव येत नाही.

सर वसईचेच. राजोडीच्या अलीकडच्या एका गावातले, ख्रिस्ती, घरामागे केळीची वाडी. उमेदीची वर्षं मुंबईतल्या मोठ्या कंपनीत काढून, घराजवळ काम मिळतंय म्हणून आमच्याकडे आलेले. अंगाने काटकुळे, शर्ट कडक इस्त्रीचा, मनगटावर एक घड्याळ आणि खिशात दुसरं. दिवसातून एकदा तरी खिशातलं बाहेर काढून मनगटाशी लावून बघायचे. दोन्हींत फरक पडला की खूश. वेळ तंतोतंत जुळली की कपाळाला आठी. "दोघं मिळालेली दिसतात," म्हणायचे.

चर्चमधली रविवारची मिस्सा मात्र कधी चुकवायचे नाहीत. मी एकदा चेष्टेने विचारलं, "सर, देवावर तरी विश्वास आहे ना?" तर शांतपणे म्हणाले, "देवावर आहे. म्हणून तर बाकी कुणावर ठेवायची गरज पडत नाही."

आमची चिप लिफ्टसाठी होती. नखाएवढ्या त्या तुकड्यात बरीच बिऱ्हाडं नांदत असतात. एक कॅमेऱ्याचं चित्र घेणारं, एक स्क्रीनवर जाहिरात दाखवणारं, एक मोटर फिरवणारं, एक दरवाजावर लक्ष ठेवणारं, एक ब्रेक लावणारं. ही सगळी एकमेकांना सारखे निरोप पाठवत असतात, आणि ते निरोप जायला आत बारीक रस्ते, बारीक चौक. रस्ते सामाईक. जाहिरातीचा लोंढा चौकात शिरला की दरवाजाचा ब्रेकसाठी निघालेला निरोप त्याच्यामागे अडकणार. तो जास्तीत जास्त किती अडकेल, हाच आमच्या धंद्यातला खरा प्रश्न. दोर तुटला तर लिफ्ट पकडणारा ब्रेक निराळा असतो, निव्वळ लोखंडी, त्याला चिप लागत नाही. पण दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलली तर तिला जागच्या जागी थांबवायचं काम आमच्याकडे होतं. एक पाय आत आणि एक पाय बाहेर असलेल्या माणसाचा जीव त्या निरोपावर.

बाकीचे लोक हा प्रश्न मोजून सोडवतात. लिफ्ट पुन्हा पुन्हा चालवायची, उशीर मोजायचा, सरासरी काढायची. सरांपुढे सरासरी हा शब्द काढायची सोय नव्हती. "सरासरी ही अफवा आहे," ते म्हणायचे. "सगळ्यात वाईट दिवशी किती उशीर होईल ते सांग. त्याच्यापुढे एक क्षणही नाही, असं सांग. सांगता येत नसेल तर घरी जाऊन भाजी निवड." मी एकदा सांगितलं की घरी भाजी आई निवडते. त्यावर म्हणाले, "मग तिने निवडलेली तपास."

हे असं ठामपणे सांगता यावं म्हणून त्यांनी उंबरठे बसवले होते. मला ते समजावलं गावातल्या लग्नाच्या जेवणावरून. "पाच माणसं येतो सांगणारं घर बारा घेऊन येतं. आचारी चांगला, वाढपी चांगले, तरी जेवणाचा बोजवारा उडतो. का? एक कोणीतरी मोठं खोटं बोलतं म्हणून नाही. सगळेच थोडं थोडं बोलतात म्हणून. आता समज, मांडवाच्या दारात मी उभा. पाच सांगितले, पाच आत. सहावा बाहेर थांबेल. मग आत जास्तीत जास्त किती गर्दी होईल, ते मला आदल्या दिवशी कागदावर सांगता येतं. एकाही पाहुण्याचं तोंड न बघता."

चिपमध्ये हेच. प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारात एक छोटं सर्किट आणि त्याच्याजवळ परवान्यांची, म्हणू या, एक वाटी. वाटीत ठरलेल्या गतीने एकेक परवाना पडत राहतो, वाटी भरली की पुढचे वाया. एक निरोप पाठवायचा तर एक परवाना मोडायचा. गप्प राहिलेल्याला वाटीभर निरोप एकदम सोडता येतात, पण मग पुढे गतीनेच चालावं लागतं. वाटी संपली की दारात उभं राहायचं. ऑफिसात या सर्किटला इंग्रजी नाव होतं, सर उंबरठा म्हणायचे. प्रत्येकाची वाटी केवढी आणि गती केवढी हे ठरलं, की आतल्या चौकांमध्ये जास्तीत जास्त किती खोळंबा होईल याचा हिशेब मांडता येतो. त्या आकड्याला ते हद्द म्हणायचे. निरोप हद्दीच्या आत पोचणार म्हणजे पोचणार, मग बाहेर आभाळ का कोसळेना.

हा संशय काही ऑफिसपुरता नव्हता. राजोडीला मासे घेताना मी त्यांना पाहिलंय. वरच्या माशांकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. "वरचे दाखवायचे, खालचे विकायचे," म्हणत थेट टोपलीच्या तळाशी हात. एके दिवशी कोळीण भडकली. "अरे बाबा, त्यातना पानी गलतंय अजून नि तू ताजा नाय बोलतोस? बायको बघायला गेलतास तवा पन असाच खालीवर करून बघितलास काय?"

सर गंभीरपणे म्हणाले, "नाही. ती चूक झाली."

त्यांची बायको पिशवी धरून शेजारीच उभी होती. ती शाळेत शिक्षिका होती, अख्खा गाव तिला टीचर म्हणतो, मीही म्हणते. टीचर इतकी हसली की कोळणीने तिला दोन बोंबील वरून घातले. वाटेत मला म्हणाली, "लग्नाच्या दिवशी यांनी फादरना विचारलं होतं, रजिस्टरची शाई पक्की आहे ना म्हणून. फादर म्हणाले, शाई पक्की आहे, तुझं बघ."

संशयी माणसावर लोक संशय घेतात, हा जगाचा नियम. सरांवर तो घ्यायला आमच्या साहेबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, कारणंही भरपूर होती. सर फोनवर टीचरशी आपल्या घरच्या बोलीत बोलायचे. वसईच्या जुन्या गावांच्या या बोली आमच्यासारख्या बोळिंजच्या टॉवरमध्ये बाहेरून राहायला आलेल्यांना ओ की ठो कळत नाहीत. त्यात सर भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात बोलायचे. प्रिंट काढली की मशीनपाशी उभे राहून एकेक कागद स्वतः उचलायचे आणि नको असलेले फाडून घरी न्यायचे, केळीच्या बुंध्याला घालायला. एकदा सुटल्यावर वालीव नाक्यावर त्यांनी एका अनोळखी माणसाला वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं दिलं, ते आमच्यातल्या एकाने पाहिलं आणि साहेबांच्या कानावर घातलं. पुडक्यात सुकेळी होती, वाडीतली केळी उन्हात सुकवून केलेली, हे मला फार उशिरा कळलं.

ठिणगी पडली ती जाहिरातीवरून. लिफ्ट कंपनीला स्क्रीनवर जाहिरात झुळझुळीत हवी होती. सरांच्या उंबरठ्यापायी ती अडखळायची. नटी साबण हातात घ्यायची, गालाजवळ न्यायची आणि तिथेच थबकायची.

"सर, थोडा लूज करा ना तो गेट," साहेब म्हणाले. "ॲडवरच तर बिल्डर खूश आहे. एकदम स्मूथ पाहिजे यार."

"तिने साबण जरा उशिरा लावला तर कोणी मरत नाही," सर म्हणाले आणि वळून काम करायला लागले.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "तू त्यांच्या बाजूला बसतेस ना? जरा नजर ठेव. काय प्रिंट काढतात, कोणाशी बोलतात. मला डाउट आहे, हा माणूस दुसऱ्या कंपनीशी मिळालाय. नाहीतर आपलाच माल असा लंगडा कोण करेल?"

माझ्या पोटात काही राहत नाही. दुपारी डबा उघडल्या उघडल्या मी सरांना सांगून टाकलं. मला वाटलं चिडतील, दुखावतील. त्यांचा चेहरा उजळला. "खरंच? साहेबांना एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं." मग खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ठेव नजर, पण नीट ठेव. फोन सोड, फोनवर मुळ्याचा भाव असतो. माझ्या आकड्यांवर ठेव. मी सगळ्यांचं तपासतो. माझं तपासायला कोणी धजत नाही, आणि मला त्याची भीती वाटते." आणि त्यांनी आपल्या सगळ्या फायली माझ्यासाठी उघडल्या.

संशय हा साथीचा रोग आहे. त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना माझ्या मनात आलं, खरा चोर असता तर असंच वागला असता. कपाट उघडून दाखवायचं, म्हणजे बघणारा खिसे बघत नाही. मला स्वतःची लाज वाटली, पण विचार काही जाईना. म्हणून मी खरोखरच त्यांचे आकडे तपासायला लागले. आधी चोरी शोधत होते. ती सापडेना, तेव्हा चूक शोधायला लागले. तीही सापडेना. एवढा निर्मळ हिशेब मी आजवर पाहिला नव्हता, आणि त्यामुळे संशय आणखीच वाढला. सरांबरोबर राहून माझीही घड्याळं बिघडली होती.

लिफ्ट कंपनीचा कारखाना आमच्यापासून जवळच. तिथे चाचणीसाठी एक उंच मनोरा, त्यात लिफ्ट, लिफ्टमध्ये माणसांऐवजी वाळूच्या गोण्या. चिप अजून छापायला गेली नव्हती, तिचं सगळं काम एका मोठ्या बोर्डावर चालवून बघायचो. दरवाजा उघडा ठेवायचा, लिफ्ट हलवायची आणि ती खुणेवर थांबते का पाहायचं. रोज थांबायची. सरांच्या गावचा सण होता त्या दिवशी ते आले नव्हते, आणि त्याच दिवशी लिफ्ट खुणेच्या वीतभर खाली जाऊन थांबली.

"होतं एखाद्वेळी," साहेब म्हणाले. "ॲव्हरेज बघ ना, एकदम झकास आहे."

मी मान डोलावली, पण नजर त्या गोण्यांवरच होती. गोणी खाली गेली म्हणून कोणी ओरडलं नव्हतं. तिथे माणसाचा पाय असता तर?

मी आधी जाहिरातीवर संशय घेतला, मग कॅमेऱ्यावर. दोघंही निर्दोष, आपापल्या उंबरठ्याच्या आत शिस्तीत चाललेले. चौकांमध्ये गर्दी नव्हती. निरोप वाटेत अडकलाच नव्हता. तो मुळात घरातून उशिरा निघाला होता. दरवाजावर लक्ष ठेवणाऱ्या बिऱ्हाडाच्या दारात, सरांच्या उंबरठ्यावर, रिकामी वाटी घेऊन उभा होता.

झालं होतं असं. दरवाजा उघडा की बंद हे सांगणारी एक पत्र्याची पट्टी असते. त्या दिवशी कंपनीने मुद्दाम समुद्राजवळच्या एका जुन्या इमारतीतली पट्टी आणून लावली होती, खाऱ्या हवेने गंजलेली. ती थरथरायची. उघडा, बंद, उघडा, बंद. प्रत्येक थरथरीला एक निरोप, प्रत्येक निरोपाला एक परवाना, आणि प्रत्येक "बंद" आधीच्या "उघडा"ला खोडून काढणारा. शेवटचा, खरा "उघडा" आला तेव्हा वाटीत काही उरलं नव्हतं. त्या बिऱ्हाडाने सांगितलं होतं की मी फार बोलत नाही. सरांनी त्याचा शब्द धरून छोटी वाटी दिली होती. आणि सरांची हद्द उंबरठ्याच्या आतून मोजलेली. बाहेर उभं राहण्याचा वेळ तिच्यात नव्हताच. जो शब्दाबाहेर गेला त्याला कितीही ताटकळू दे, हा त्यांचा स्वभाव, तोच त्यांच्या हिशेबात उतरला होता. कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाकडूनच ही चूक होऊ शकते. दुसऱ्या कोणी दरवाजाच्या निरोपाला दारात अडवलंच नसतं.

सोमवारी लिफ्ट कंपनीच्या कारखान्यात शेवटची बैठक होती. तिच्यात ठरणार होतं की उंबरठे ठेवायचे की काढायचे. साहेब काढायच्या बाजूने कंबर कसून बसलेले. ही चूक त्यांच्या हाती लागली असती तर सगळे उंबरठे गेले असते, सरही गेले असते, आणि दरवाजाचा निरोप कायमचा साबणाच्या मागे उभा राहिला असता. गप्प बसले असते तर चुकीसकट चिप छापली गेली असती. मला कोणाजवळ तरी तोंड उघडायचं होतं, आणि कोणाजवळ उघडते त्यावर सगळं अवलंबून होतं. रविवारी मिस्सा सुटायच्या वेळेला मी सरांच्या घरी गेले.

टीचरने जेवायला बसवलं. कालवण-भात झाल्यावर मी लॅपटॉप उघडून सरांना दाखवलं. "परत दाखव," म्हणाले. परत दाखवलं. उठून वाडीत गेले. खिडकीतून दिसत होतं, केळीच्या वाळलेल्या पानांकडे बघत नुसते उभे होते. टीचर हळूच म्हणाली, "काय दाखवलंस गं? यांचे वडील गेले तेव्हा असे उभे होते."

परत आले तेव्हा आवाज खाली गेलेला. "शब्दाबाहेर जातो त्याला थांबवायचं, एवढंच मी बघत आलो. त्याच्या हातात काय आहे ते बघितलं नाही." मग म्हणाले, "जा आता तू. उद्या बघू." एरवी ते मला स्कूटरपर्यंत सोडायला यायचे, त्या दिवशी खुर्चीतून उठले नाहीत. घरी जाताना मी मनाशी म्हणत होते, सर सांगतील. सर नक्की सांगतील.

सोमवारी लिफ्ट कंपनीकडून एक मॅडम आल्या होत्या, त्यांच्याकडच्या सुरक्षेच्या प्रमुख. साहेबांनी सुरुवातच सरासरीने केली. आकडे गोड होते. मग म्हणाले, "तर आता हे गेट्स हटवायला काही हरकत नाही, असं माझं म्हणणं."

सर उभे राहिले. "त्याच्याआधी एक. माझ्या कामात चूक आहे." आणि पट्टीच्या थरथरीपासून रिकाम्या वाटीपर्यंत सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. चूक कोणी शोधली तेही सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "म्हणजे गेट्समुळेच प्रॉब्लेम आहे ना! मग काढूनच टाकू की."

मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं, "काढले तर हा निरोप जास्तीत जास्त किती थांबेल?"

साहेब माझ्याकडे बघत होते, ते मला कळत होतं. म्हटलं, "सांगता येणार नाही मॅडम. काढले तर हद्दच राहत नाही. ठेवले आणि हिशेब पट्टीपासून धरला तर सांगता येईल. थरथर आधी गाळायची, दरवाजाची वाटी मोठी करायची आणि जाहिरातीची आणखी कमी."

मॅडमनी फाईल मिटली. "मग ठेवा. पण सरांनी बनवलं आणि सरांनीच सही केली, हे आम्हाला चालणार नाही. हिशेबावर सही दुसऱ्या कोणाची हवी." साहेबांनी जे मिळालं ते घेतलं. तिथल्या तिथे सरांना नोकरीतूनच मोकळं केलं आणि सही माझ्या गळ्यात घातली. सर म्हणाले, "बरोबर आहे," आणि पेनाचं टोपण लावून ठेवलं.

ती चिप आता आमच्याच इमारतीतल्या लिफ्टमध्ये आहे. जाहिरात अजून अडखळते. शेजारच्या काकू रोज म्हणतात, एवढी महागडी लिफ्ट घेतली आणि टीव्ही बघा कसला. मी आपल्या मजल्याचं बटण दाबते.

पण सांगायचं ते त्या सोमवारचं. बैठक संपल्यावर कारखान्याच्या गेटबाहेर सर बसची वाट बघत उभे होते. मी स्कूटर काढून त्यांच्याजवळ गेले. वाटलं, निदान शाबास तरी म्हणतील. ते माझ्यावर तडकले.

"आधी माझ्या घरी कशाला आलीस?"

"तुमची चूक तुम्हाला आधी कळावी म्हणून सर."

"आणि मी गुपचूप दुरुस्त करून बसलो असतो तर?"

"तुम्ही तसं केलं नसतं."

"कशावरून?"

"इतके दिवस बघतेय मी तुम्हाला. तुम्ही तसे नाही."

"म्हणजे सरासरी काढलीस माझी." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "तू गेल्यावर मी दरवाजाची वाटी मोठी केली. करून टाकली. तू काही बोललीस तर काय म्हणायचं तेही ठरवलं होतं, की पोरगी नवीन आहे, तिचा समजण्यात घोटाळा झाला. टीचरने रोजरीच्या प्रार्थनेला हाक मारली म्हणून उठलो. मणी ओढत होतो आणि डोक्यात ते वाक्य, किती छान जमलंय म्हणून. मग माझं मलाच भय वाटलं. उठून जुना आकडा परत घातला." मग माझ्याकडे बघितलं. "सरासरीने मी सरळ माणूस आहे, पोरी. काल संध्याकाळी नव्हतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलं त्याहून जास्त राग आला. सगळ्या जगात एका माणसावर मी डोळे मिटून भरवसा ठेवला होता, तेवढाही यांना बघवला नाही. काहीतरी लागेल असं बोलावं असं वाटत होतं. त्याऐवजी स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप ठेवला, उघडला, आणि ते समोर उभे असताना त्यांनी फायलीत खरंच जुना आकडा परत घातला होता का ते तपासलं. घातला होता. एकदा बघून माझं समाधान होईना, म्हणून परत बघितलं.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

बस आली. सर चढले, खिडकीशी बसले आणि मला हात केला. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.